हिरवा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं फिरली असं नाही: जुनी फोर बाय फोर घेताना

२०१२ च्या ऑगस्टमध्ये मानपूरच्या पुढे एका वाडीवर म्हैस अडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर आलेला, मान मागे वळलेली. अशा वेळी डॉक्टर लवकर पोचला तर दोघं वाचू शकतात, उशीर झाला तर बहुधा एकच. मी जनावरांची डॉक्टर. इंदूरहून निघाले तेव्हा पाऊस थांबला होता. सडक सोडून पांदणीत वळले. समोर काळ्या मातीचा दीडशे पावलांचा पट्टा होता. गाडी थांबवली, चारही चाकांना इंजिनची ताकद जोडणारा फोर बाय फोरचा दांडा टाकला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला आणि मी निर्धास्त आत शिरले. चाळीसेक पावलांवर गाडी बसली. उतरून पाहिलं तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरून अर्धी गाडली गेली होती. पुढच्या चाकांनी मात्र मातीचा एक कणही उकरला नव्हता. राहिलेली वाट पिशवी खांद्यावर टाकून पायी गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढलेली गाडी आमच्या मेकॅनिक उस्तादांनी रॅम्पवर चढवली. खाली बॅटरी फिरवली आणि मला बोलावून म्हणाले, "मॅडम, लाइट तो जल री हे, पर आगे का शाफ्टच नी हे." पुढच्या हौजिंगकडे, म्हणजे पुढच्या चाकांमधल्या दात्यांच्या खोक्याकडे, ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कुणीतरी काढून ठेवला होता. शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, झिजले की गाडी थरथरते, आवाज करते. दुरुस्तीला पैसे घालण्यापेक्षा शाफ्ट काढून टाकला की गाडी गुळगुळीत चालते आणि विकलीही जाते. दिवा लागत होता कारण त्याचा स्विच ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर, असतो. दांडा सरकला एवढंच त्याला कळतं, चाकापर्यंत ताकद पोचली की नाही हे कळत नाही. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याने "फोर बाय फोर एकदम चालू" म्हणून दिवा लावूनच दाखवला होता. मी दिवा पाहिला आणि पैसे मोजले.

त्यानंतर मी आणखी दोन जुन्या गाड्या घेतल्या, ओळखीच्या सात-आठ जणांना घेऊन दिल्या आणि याहून जास्त जणांना घेऊ दिल्या नाहीत. या वर्षी माझा भाचा पीथमपूरला नोकरीला लागला आणि पहिल्याच महिन्यात म्हणाला, "मावशी, सेकंड हँड फोर बाय फोर घ्यायची आहे, चल बघायला." त्याला जे सांगितलं आणि दाखवलं ते इथे लिहिते आहे. मॉडेलांची क्रमवारी लावत बसणार नाही. एकच गाडी दोन मालकांच्या हातात दोन जातीची होते, आणि आपल्याला घ्यायचा असतो तो मालकाचा हात.

आधी वही

गाडी पाहायला जाण्याआधी भाच्याला मी एक वही दिली. गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेलास ते आठवून लिही, आणि जिथे पुढच्या चाकांची खरोखर गरज होती तिथे खूण कर. त्याच्या खुणा झाल्या तीन: एकदा जाम दरवाज्याच्या खाली उतरणारी कच्ची वाट, एकदा चोरलच्या बाजूचा ओढा, एकदा मित्राच्या शेतात सोयाबीन काढणीच्या दिवसांत आलेला अवकाळी पाऊस. माझ्या वहीत गेल्या पावसाळ्यात सतरा दिवस होते, त्यातले चार लो गिअरचे, म्हणजे सावकाश पण जास्त जोराने गाडी चालवणाऱ्या गिअरचे. माझं पोट त्यावर आहे. त्याचं नाही.

हा फरक पाहणं महत्त्वाचं, कारण फोर बाय फोर काय करते याबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ असतो. ती गाडी पुढे ढकलते. थांबवत मात्र नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ओल्या सिमरोल घाटात उतारावर वेग जास्त झाला तर चार चाकांची ताकद काही कामाची नाही, तिथे टायर आणि तुमचा पाय. दुसरं असं, की साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या दात्यांत, ज्या चाकाला कमी अडथळा ते चाक फिरतं. म्हणून पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं तर फोर बाय फोरही जागीच उभी राहते. डिफरन्शियल लॉक असेल किंवा घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तरच ती तिथून निघते. तिसरी गोष्ट मी अनुभवाने सांगते: मागच्या चाकांवरची गाडी चिखलाच्या तोंडाशी अडकते, फोर बाय फोर मधोमध जाऊन अडकते. तिला ओढून काढायला लांब दोर लागतो.

माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, आणि टायरच्या खाचा लिंपून टाकते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतं, मग चारी चाकं फिरोत की दोन. इथल्या पांदणीत वाफसा यायच्या आत गाडी घालणं हा शेताचाही अपमान आणि गाडीचाही. मी आता रस्ता बघून अर्धं अंतर चालते. ज्यांचा वर्षाला तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे त्यांनी उंच बांध्याची साधी मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तिला चांगले ऑल-टेरेन टायर, आणि गाडीत एक फावडं, एक ओढायचा पट्टा, चाकाखाली घालायच्या दोन जाड फळ्या ठेवल्या तर बहुतेक काम होतं. हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. पण मी त्याला नको म्हटलं नाही. त्याला डोंगर चढायची आवड आहे, जानापावच्या पायथ्याशी तो दर महिन्याला जातो, आणि आवडीलाही किंमत असतेच. फक्त ती गरज म्हणून सांगू नये, म्हणजे किती पैसे घालायचे ते नीट ठरतं.

घरातल्यांचाही विचार करा. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना गाडीत चढवायला मी एक लाकडी पाट मागे ठेवते. पाट जमिनीवर, मग पायरी, मग सीट. राजवाड्याच्या गल्ल्यांत एवढी गाडी वळवताना घाम फुटतो. पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, असलेल्या जुन्या गाडीत पाठीला प्रत्येक खड्डा कळतो. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही गावातच चालवणार असाल तर या तीन गोष्टी त्या एका डोंगराहून मोठ्या आहेत.

नाव एक, जाती दोन

जाहिरातीत नुसतं "थार" लिहिलेलं असतं. नवी थार २०२० च्या २ ऑक्टोबरला आली तेव्हा सगळ्या फोर बाय फोर होत्या, पण २०२३ च्या जानेवारीपासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्या. स्कॉर्पिओ, जुनी सफारी, फॉर्च्युनर, सगळ्यांत दोन्ही प्रकार आहेत आणि बाजारात मागच्या चाकांवरच्याच जास्त. मागच्या दारावरचा "४ x ४" चा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. आत दुसरा दांडा किंवा फिरवायचं बटण आहे का ते बघा, आणि गाडीखाली वाकून पुढे जाणारा शाफ्ट आहे का ते बघा. मारुती जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये आली, ती मात्र सगळी फोर बाय फोरच आहे आणि लो गिअरसह. फोर्स गुरखा आमच्या पीथमपूरलाच बनते. तिच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक येतो. जिप्सी १९८५ पासून तीसहून जास्त वर्षं बनली, हलकी आहे, म्हणून चिखलात तरंगल्यासारखी चालते. आता ती बनत नाही, तेव्हा जी मिळेल ती जुनीच.

डस्टरसारख्या काही गाड्यांवर ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलेलं असतं. त्यात मागच्या चाकांना ताकद क्लचच्या चकत्यांमधून जाते आणि लो गिअर नसतो. ओल्या रस्त्याला, वाळूच्या थोड्या पट्ट्याला उत्तम. चिखलात पंधरा मिनिटं झगडायला लावली तर त्या चकत्या तापतात. लो गिअर म्हणजे काय ते एकदा अनुभवून बघा: इंजिन तेच, पण चाकाशी जोर दुप्पट-अडीचपट, आणि गाडी मुंगीच्या चालीने खडकावर चढते. दगडी उतार, भरलेली ट्रॉली ओढणं, ओढ्यातून वर येणं या कामांना तोच लागतो.

बघायला कधी आणि कसं जायचं

मी जुलैत जाते. चिखल समोर असतो, विकणाऱ्याला "इथे चिखल कुठे आणू" म्हणता येत नाही. सकाळी जायचं, आणि फोन करून सांगायचं की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम असेल तर चहा प्यायला निघून जा आणि दोन-तीन तासांनी परत या. थंड इंजिन काय करतं हे पाहणं अर्धी परीक्षा आहे. सुरू होताना निळसर धूर आला आणि येतच राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ येणारच, पण धूर भकाभका उसळला आणि झाकण ठेवल्यावर उडू लागलं तर मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि तो इंजिन खोलण्याचा खर्च आहे.

जनावराच्या बाजारात व्यापारी गायीला आंघोळ घालून, शिंगांना तेल लावून आणतो. मी शिंगं बघत नाही. दात बघते, मग तिला चार पावलं चालवते, मग कास. गाडीतही रंग आणि सीटकव्हर शेवटी. मीटरवरचे किलोमीटर तर त्याहूनही शेवटी, कारण मीटर मागे करून मिळतं. क्लचच्या पायपट्टीचं रबर, गिअरच्या मुठीची झीज, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, या तीन जागा खरे किलोमीटर सांगतात. ४० हजार किलोमीटरच्या गाडीत पायपट्टीचं लोखंड दिसत असेल तर विचारायचंही कारण नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात येतो तो भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आतला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की उठून यावं. भाच्याबरोबर पाहिलेल्या दुसऱ्या गाडीत ती रेघ होती, बोटभर रुंद, आणि सीटच्या रुळांवर आतल्या बाजूने तांबेरा. बाहेरून गाडी आरशासारखी चमकत होती.

मग खाली झोपा. खरंच झोपा, चटई घेऊन जा. चेसिस शिडीसारखी असते, दोन लांब पट्ट्या आणि आडव्या दांड्या. कुठे नवं वेल्डिंग, कुठे एकाच ठिकाणी ताजा काळा रंग, हे बोटाने चाचपा. समुद्रकाठच्या गाडीला खालून गंज लागलेला असतो, माळव्यातल्या गाडीला चिखल. चिखल धुतला जातो. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. पुढच्या चाकांमागे रबराचे चुणीदार बूट असतात, ते फाटले की ग्रीस बाहेर आणि माती आत. शाफ्ट हातात धरून पिळा, खडखडला तर क्रॉस गेले. गाडी पुढे-मागे घेताना "खट्" असा आवाज येतो तोही बहुधा तिथलाच.

आता ज्यासाठी मी उस्तादांना बरोबर नेतेच ती गोष्ट. डिफरन्शियलच्या हौजिंगला बाजूला एक भरायचा बोल्ट असतो. मालकाची परवानगी घेऊन तो उघडा आणि करंगळी आत घालून थोडं ऑइल बाहेर घ्या. मी ते पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीवर घेते. कासदाह तपासताना मी दुधाची पहिली धार काळ्या तळाच्या कपात घेते, म्हणजे पांढऱ्या गुठळ्या उठून दिसतात. इथे उलट, पांढऱ्यावर काळं. चांगलं ऑइल मधासारखं दिसतं, जुनं झालं तर काळपट. ते चहात दूध घातल्यासारखं झालेलं असेल तर आत पाणी शिरलंय: गाडी खोल पाण्यात नेली, आणि हवा खेळायची नळी तुटलेली किंवा बुजलेली होती. तिरप्या उन्हात ताटली हलवली आणि चांदीसारखे कण चमकले तर दाते झिजताहेत. हीच परीक्षा पुढच्या हौजिंगची, मागच्या हौजिंगची आणि ट्रान्सफर केसची. एकूण तीन ठिकाणं, वीस मिनिटं. एका गृहस्थांनी "बोल्ट उघडू देणार नाही" म्हटलं. आम्ही नमस्कार करून निघालो.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. हा शौक नाही. चारही चाकं जोडल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात, टायरचा घेर कमी-जास्त असेल तर तो फरक ट्रान्सफर केसला सोसावा लागतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ते स्टेपनीसकट पाचही टायरांवर वाचा.

पुढची चाकं फिरतात का

आधी मालकाला विचारा, "फोर बाय फोर शेवटची कधी टाकली होती?" "मॅडम, कधी वापरलीच नाही" हे उत्तर तो कौतुकाने देतो. माझ्या लेखी ते वाईट उत्तर आहे. वर्षानुवर्षं न हललेला दांडा अडकतो, आतल्या जागा कोरड्या पडतात, सील सुकतात. महिन्यातून एकदा मातीत चालवलेली गाडी मला जास्त आवडते. सडकेवर फोर बाय फोर टाकून फिरणारा मालक मात्र सर्वांत वाईट. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. डांबरावर टायर घसरायला जागा नसते, मग तो ताण शाफ्टमध्ये आणि साखळीत किंवा दात्यांत साठतो. दांडा निघता निघत नाही आणि एक दिवस काहीतरी तुटतं. (कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मधलं डिफरन्शियल असतं, त्यांना हे लागू नाही.)

आता परीक्षा. मोकळ्या, भुसभुशीत जागी गाडी न्या. आम्ही बायपासच्या पलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर नेली. दांडा फोर हायमध्ये (चारही चाकं, पण लो गिअर नाही) टाका, वीस-तीस पावलं सरळ चालवा. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश फिरवा. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडखळायला हवी, स्टिअरिंग सरळ व्हायला बघायला हवं. लोण्यासारखी फिरली तर पुढे ताकद जात नाही.

दुसरी परीक्षा जॅकची. फोर हायमध्ये दोन पावलं चालवून थांबा, गिअर पहिल्यात ठेवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. मग पुढचं एक चाक उचला आणि हाताने फिरवून बघा. ते फिरता कामा नये, थोडंसं हलेल तेवढंच. टू व्हीलमध्ये टाकून बघितल्यावर तेच चाक फिरायला हवं. दोन्हीत फिरलं तर माझ्या २०१२ च्या गाडीसारखीच गत आहे. काही गाड्यांत पुढचे हब व्हॅक्यूमने जोडले जातात आणि इंजिन बंद केल्यावर सुटू शकतात, तिथे ही परीक्षा फसवते, मातीतलीच करा. आणि हे कळकळीने सांगते: चाक जॅकवर असताना इंजिन कधीही चालू करू नका. फोर बाय फोर जोडलेली असेल तर जमिनीवरची चाकं गाडी जॅकवरून खेचून नेतात.

शेवटी लो गिअर. पूर्ण थांबून, क्लच दाबून, मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दांडा लोमध्ये टाका. एखादा चढ चढा, मग त्याच उतारावर पाय काढून गाडी नुसत्या इंजिनावर उतरू द्या. दांडा आपोआप बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार. ही उडी सपाटीवर कधीच दिसत नाही.

कागद

इंदूरला दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या खूप येतात. कारण सरळ आहे: राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन घातलं, तेव्हा तिथली गाडी बाहेर स्वस्तात निघाली. गाडी वाईटच असेल असं नाही, त्यातल्या काही डांबर सोडून कुठे गेलेल्याच नसतात. पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एमपीचा नंबर घ्यावाच लागतो, त्यासाठी इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी विचारून या आणि गाडीच्या किमतीत मिळवा. "एनओसी येईल" या शब्दावर बयाणा देऊ नका. एनओसी हातात, मग पैसे.

एमपी-०९ ची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. तो केला नाही तर दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून थकलेली चलनं पाहून घ्या. पंधरा वर्षं झालेली असेल तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, फिटनेस दाखवून. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, हे विकणारा सांगत नाही.

लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीबद्दल भाच्याला फार ओढ. घ्या, पण हिरवा रंग काढून. ऑलिव्ह ग्रीन हा फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा रंग, खासगी गाडीला नियमाने चालत नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या, छत कापलेल्या, चेसिस वाढवलेल्या जीपा सरळ सोडा. कंपनीच्या नोंदीबाहेरचे बदल नोंदणीत धरता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलं आहे. पुढचा लोखंडी बुलबारही २०१७ पासून बेकायदा धरला जातो, तो काढायला लावूनच भाव बोला.

पैसे

ठरलेल्या किमतीच्या वर मी नेहमी पाचवा हिस्सा बाजूला ठेवायला सांगते. तो लागतोच. टायर, क्लच प्लेट, पाट्यांचे बुश, शॉकअप, बॅटरी, यातलं निदान दोन पहिल्या सहा महिन्यांत करावं लागतं. फोर बाय फोरला दोन ऑइलं जास्त, वजन जास्त, म्हणून इंधनही थोडं जास्त. २०२० नंतरची डिझेल घेत असाल तर आधीचा मालक ती कुठे चालवत होता विचारा. तिच्या सायलेन्सरमधला काजळी धरणारा फिल्टर लांबच्या प्रवासात स्वच्छ होतो, पलासिया ते विजयनगर एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि बदलायला महाग आहे. जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट: चांगली ठेवलेली फोर बाय फोर विकताना फारशी पडत नाही. मी माझी दुसरी गाडी सहा वर्षं वापरून घेतलेल्या किमतीच्या सत्तर टक्क्यांना दिली.

घेतल्यावर

भाच्याने पाचवी गाडी घेतली. मधल्या चारपैकी एकीला बेल्टवर रेघ होती, एकीच्या ऑइलमध्ये चहा होता, एकीची एनओसी "येणार" होती, आणि एक सगळ्या परीक्षांत पास झाली पण मालकाने भाव सोडला नाही. घेतलेल्या गाडीचा रंग दोन ठिकाणी उडालेला आहे, मागच्या दाराला पोचा आहे. मालक देवासजवळचे शेतकरी. दांडा कधी टाकला विचारलं तर म्हणाले, "परवा. खत न्यायचं होतं."

पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हौजिंग, पाचही ऑइलं बदलून घेतली, जुनी कितीही चांगली दिसत असली तरी. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहिले. हवा खेळायच्या नळ्या नव्या घातल्या, त्या वर बॉनेटपर्यंत चढवून बांधल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गाडी मातीच्या रस्त्यावर नेतो, दोन-तीन किलोमीटर फोर हाय, थोडंसं लो, आणि परत. या रविवारी तिल्लोरच्या बाजूला गेला होता. तिथून त्याने मला फोटो पाठवला: पुढच्या चाकाच्या खाचांत गच्च भरलेली काळी माती, आणि मागे मडगार्डपर्यंत उडालेली.